पारिजातकाला पाटीचं पाणी

शाळा सुटली होती. मी घंगाळातलं पाणी पारिजातकाच्या आळ्यात ओतत होते, तेवढ्यात भाऊसाहेब इनामदार फाटकातून आत आले.

आमच्या कन्याशाळेचा तो जुना नेम. मुलींनी सकाळी पाटीवर पहिली ओळ रामनामाची लिहायची, मग दिवसभराचं काय ते. शाळा सुटताना सगळ्यांच्या पाट्या एकाच तांब्याच्या घंगाळात धुवायच्या आणि ते पाणी पारिजातकाला घालायचं. देवाचं नाव विरघळलेलं पाणी, ते पायदळी जाता कामा नये. वरच्या वर्गातल्या मुली वह्या वापरायला लागल्या तरी रामनामापुरती पाटी त्यांच्या दप्तरात असेच. मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा हे पाणी घालण्याचं काम आपणहून माझ्याकडे घेतलं. ते झाल्याशिवाय संध्याकाळचा चहासुद्धा घेत नसे.

भाऊसाहेबांनी चपला बाहेर काढल्या, झाडाला नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, कमिटीची मंडळी येताहेत. पाच मिनिटं बसू."

मी मान हलवली. गुरुवार होता. गुरुवारी शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत माझं मौन असे, आणि हे गारखेड्यात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊसाहेबांनाही.

बैठक पडवीत झाली. ही पडवी म्हणजे मूळची शाळा. मागच्या अंगणात खोल्या निघाल्या त्या नंतर. पडवी आणि इनामदारांचं राहतं घर यांच्यात एकच भिंत. त्या भिंतीत, बसलेल्या माणसाच्या डोक्याशी येईल असा, एक झरोका होता. इतका लहान, की त्यातून उजेड येतो म्हणणं म्हणजे झरोक्याला बरं वाटावं म्हणून म्हणणं. पहिलीच्या मुली त्याच्याखाली बसत.

भाऊसाहेब माणूस वाईट नव्हता. आजोबांनी दिलेल्या जागेत शाळा चालते याचा त्यांना अभिमान होता आणि कमिटीचं अध्यक्षपद ते मनापासून सांभाळत. पण त्या दिवशी ते ठरवूनच आले होते. येत्या जूनपासून आपली शाळा फाट्यावरच्या हायस्कुलात मिसळायची. तिथे नवी इमारत आहे, मैदान आहे. इथली जागा मोकळी झाली की तिथे मंगल कार्यालय बांधायचं, गावाचीच सोय. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"कुमुदबाईंची काही हरकत?" भाऊसाहेबांनी विचारलं.

मी नुसती बघत राहिले.

"मौनं संमतिलक्षणम्," ते म्हणाले, आणि सगळे हसले. मग थोडं ओशाळून पुढे म्हणाले, की रामनवमीला शाळेचा सुवर्णमहोत्सव आहे, तो थाटात करू, आणि बाईंनी शाळेचा इतिहास लिहून वाचावा. निरोपाला शोभेल असा.

फाटकाशी सहावीतल्या हौसाची आई उभी होती. बातमी तिच्यापर्यंत माझ्याआधी पोचलेली. कुंभारवाड्यातली बाई, हाताला ओली माती तशीच.

"फाट्यावर ट्रकवाले असत्यात, बाई," ती म्हणाली. "टपऱ्या हायेत. हितं घराम्होरं हुती म्हून धाडत हुतो. थितं न्हाई धाडायची पोरगी. तुमी राग धरू नगा."

मी हात जोडले. दुसरं काय करणार होते? आणि हौसाची आई एकटी नव्हती. वस्तीवरच्या, कुंभारवाड्यातल्या, ओढ्यापलीकडच्या निम्म्या मुली जूनला घरी बसणार हे मला स्वच्छ दिसत होतं. वर्षभरात त्यांच्या पाट्यांवर पापड वाळत पडले असते.

घरी आले, हातपाय धुतले, तुळशीपाशी दिवा लावला आणि मग तोंड उघडलं. माझे यजमान तालुक्याला पोस्टात होते, शनिवारी येत. घरी मी आणि सासूबाई. त्यांना सगळं गाव अक्का म्हणे, मीही. त्या वाती वळत बसल्या होत्या. मी सांगत गेले आणि सांगता सांगता मला रडू यायला लागलं. अक्का मात्र वाती वळता वळता हसल्या.

"मंगल कार्यालय बांधेल तो," त्या म्हणाल्या. "पण आधी उद्यापन नको करायला?"

"कशाचं उद्यापन?"

"व्रताचं. अगं, तुला काय वाटलं, ती शाळा आहे? ते व्रत आहे."

आणि मग अक्कांनी मला जे सांगितलं, ते असं.

पन्नास वर्षांपूर्वी गावात गोदूकाकू नावाची एक विधवा होती. आलवण नेसणारी, सोवळ्यातली, पण माहेरी वडिलांनी लिहायला वाचायला शिकवलेली. मुलींची शाळा काढायची, असं ती बोलली असती तर तिच्या दारावर शेण पडलं असतं. ती तसं बोललीच नाही. आषाढीच्या आधी ती भाऊसाहेबांच्या आजोबांकडे, दादासाहेबांकडे गेली आणि म्हणाली, गावातल्या बायकांकडून चातुर्मासात रामनामाचं लेखन करवून घ्यायचं मनात आहे. मी विधवा, संकल्प तुमच्या हातून व्हावा. बायकांना बसायला पडवी द्यावी. दादासाहेब मोठे भाविक. व्रताला नाही म्हणायची कुणाची छाती? ते जेवून उठले होते, पाटावर बसले आणि हात पुढे केला.

"भटजी म्हणजे काकूंचा सख्खा भाचा," अक्का म्हणाल्या. "तो संस्कृतात लांबलचक म्हणत सुटला. दादासाहेबांच्या डोळ्यांवर झोप. संकल्प कधी कोण ऐकतं का ग? भटजी म्हणाले, करिष्ये म्हणा. हे म्हणाले, करिष्ये. हातावरून पाणी सोडलं, संपलं."

पाणी सुटलं आणि काकूंनी तिथंच, जमलेल्या बायकांना संकल्पाचा अर्थ मराठीत सांगितला. या घडीला गावात असलेली प्रत्येक लेक आणि प्रत्येक सून स्वतःच्या हातानं रामनाम लिहीपर्यंत हे व्रत चालायचं, आणि व्रत पुरं होईपर्यंत ही पडवी व्रताची. चार महिन्यांचं नावसुद्धा त्यात नव्हतं. दादासाहेबांची झोप उडाली म्हणतात. पण सोडलेलं पाणी ओंजळीत परत कसं घेणार?

"रामनाम लिहायचं म्हणजे आधी लिहायला शिकायला हवं," अक्का म्हणाल्या. "र शिकली की पोरगी ल विचारते. मी सात वर्षांची होते, माझं माहेर गावातलंच. आईनं मला शाळेत कधी घातलं नसतं. व्रताला घातलं."

मला त्या रात्री फार शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मी इनामदारांकडे गेले. भाऊसाहेबांच्या आई, माईसाहेब, झोपाळ्यावर जप करत बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. मी भाऊसाहेबांना सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, बाई, तुम्ही इतिहास लिहायला घेतलात की पुराण? जुन्या बायकांच्या गोष्टी कुठवर धरून बसायच्या?

झोपाळा थांबला.

"पाणी सोडलेलं आहे, भाऊ," माईसाहेब म्हणाल्या. "तुझ्या आजोबांच्या हातून. या घराच्या नावानं."

एवढंच बोलून त्यांनी पुढचा मणी ओढला. भाऊसाहेबांचा चेहरा मात्र बदलला. घरात देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय पाणी न पिणारी माणसं ती. अर्धवट टाकलेलं व्रत कुठल्या घरावर जातं हे त्यांना सांगायला नको होतं.

त्यांनी पूजा सांगणाऱ्या गुरुजींना बोलावणं पाठवलं. गुरुजी सगळं ऐकून म्हणाले, की संकल्प त्या घडीला गावात असलेल्या बायकांपुरता आहे. त्यातल्या बहुतेक लिहून गेल्या. ज्या आहेत त्यांनी रामापुढे एकदा रामनाम लिहावं, होम करावा, सवाष्णींच्या ओट्या भराव्यात. उद्यापन झालं.

"बघा," भाऊसाहेब खुलले. "रामनवमीलाच करू. एकाच मांडवात सुवर्णमहोत्सव आणि उद्यापन. तुमच्या गोदूकाकूंचंही नाव घेऊ."

मी घरी आले. ज्या गोष्टीनं शाळा वाचेल म्हणून मी गेले, तिनंच शाळेला सुमुहूर्तावर निरोप द्यायची सोय करून दिली होती. अक्का "शास्त्र आहे ते आहे," एवढं म्हणाल्या आणि वातींचा डबा पुढे ओढला. मी रोजची पोथी वाचली, पण रामाकडे काही मागितलं नाही. मागायला गेले असते तर भांडण झालं असतं.

रामनवमीला मांडव पडला. पारिजातकाच्या बुंध्याला मुलींनी रांगोळी घातली. मी इतिहास वाचला, गोदूकाकूंचा, संकल्पाचा, जसा अक्कांनी सांगितला तसा. दादासाहेबांच्या झोपेवर लोक हसले, भाऊसाहेबही हसले. मग जुन्या बायका एकेक करून पुढे आल्या. हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच उरल्या होत्या. कुणाला हाताला धरून आणलं होतं. प्रत्येकीनं रामाच्या पाळण्यापुढे बसून पाटीवर दोन अक्षरं लिहिली. अक्कांचा काना सरळ आला. शेवटची बाई उठली तसा भाऊसाहेबांनी गुरुजींना होमाची खूण केली.

गुरुजी म्हणाले, "माईसाहेब राहिल्या."

कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. व्रत गावाचं, इनामदार देणारे. देणाऱ्या घराकडे कोण बघतं?

"आई, लिही ना," भाऊसाहेब सहज म्हणाले आणि पाटी त्यांच्यापुढे धरली.

माईसाहेबांनी पाटीकडे पाहिलं. पेन्सिल हातात घेतली, परत ठेवली.

"मला येत नाही," त्या म्हणाल्या.

गुरुजींनी हळूच विचारलं, की त्या चातुर्मासात आपण गावात होता का?

"लग्न होऊन तीन महिने झाले होते. नऊ वर्षांची होते." त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ. "गावाच्या सुनांनी लिहिलं. मामंजींचं पाणी सुटलं ना, त्याचा राग त्यांनी घरच्या सुनेवर काढला. मला कधी पडवीची पायरी चढू दिली नाही."

भाऊसाहेबांची मान खाली गेली. मागून कुणीतरी सुचवलं, हात धरून गिरवून घ्या. गुरुजींनी नकार दिला. स्वहस्ते असा संकल्प आहे, हात धरला तर धरणाऱ्याचं लिहिणं झालं.

"दोन तर अक्षरं," शेवटी भाऊसाहेब म्हणाले. "बाई, आठवड्याभरात शिकवाल आईला. अक्षय्यतृतीयेला उद्यापन करू."

स्वयंपाक झालेला होता. रामजन्माचा प्रसाद म्हणून पंगती उठल्या.

दुसऱ्या दिवसापासून माईसाहेब शाळेत यायला लागल्या. घरून बसायला पाट आणत, पदर सावरून पहिलीच्या मुलींत बसत, नेमक्या त्या झरोक्याखाली. इतकी शहाणी विद्यार्थिनी मला पुन्हा मिळाली नाही. वेळेवर यायची, पाटी स्वच्छ, प्रार्थनेला डोळे मिटलेले. 'रा' त्यांना चार दिवसांत आला. 'म' काही येईना. कधी त्याचा 'भ' व्हायचा, कधी 'प', कधी नुसत्याच दोन काठ्या. शेजारची पोर सांगायची, "आजी, गाठ राहिली." माईसाहेब तिला खडीसाखर द्यायच्या. त्या वर्षी पहिलीच्या मुली 'म' चुकलेला दाखवून द्यायला टपलेल्या असत.

अक्षय्यतृतीया झाली. जून उजाडला. भाऊसाहेब अधूनमधून डोकावत.

"आई, खाली गाठ मार आणि दांडी ओढ. इतकंच."

"हात वळत नाही रे, भाऊ. वय झालं."

"बाई, तुम्ही नीट शिकवता ना?"

मी म्हणायची, मी माझ्या परीनं शिकवते. आणि ते खरं होतं. मी त्यांच्यासाठी वाळूत 'म' काढला, चिंचोक्यांचा 'म' मांडला. मनातून मात्र रोज सकाळी देवाला नमस्कार करताना माझी पंचाईत व्हायची. शिक्षिका म्हणून तो 'म' यावा असं वाटायचं आणि यायला नको असंही वाटायचं. शाळा तोवर मिसळता येत नव्हती. आषाढी गेली, दिवाळी गेली. पुढच्या रामनवमीलाही 'म' आला नाही. हौसा सातवी पास झाली आणि तिची आई शाळेला मातीची पणती घेऊन आली. वाट बघून बघून भाऊसाहेबांनी मंगल कार्यालय फाट्यावरच बांधायला काढलं.

अशाच एका गुरुवारी शाळा सुटली. मुलींच्या पाट्या धुऊन झाल्या होत्या. मी घंगाळ उचलायला आले तर माईसाहेब अजून झरोक्याखाली बसलेल्या. पुढ्यात पहिलीतल्या एका मुलीची विसरलेली पाटी. मी जवळ गेले. पोरीनं पाटीवर वेड्यावाकड्या ओळी लिहिल्या होत्या आणि माईसाहेब त्यातल्या चुका दुरुस्त करत होत्या. वेलांटी, उकार, मात्रा. अक्षर कसं, मोत्याच्या सरासारखं. असं वळण आठवड्याभरात येत नाही, वर्षभरात येत नाही. त्या वळणाला एक आयुष्य लागतं.

त्यांनी वर पाहिलं. दचकल्या नाहीत.

"कुमुद, आज वार कोणता?"

मी ओठांवर बोट ठेवलं.

"हां, गुरुवार. मग बरं आहे," त्या म्हणाल्या. "बैस."

मी बसले. त्यांनी त्या झरोक्यावरून हात फिरवला, देवाच्या मूर्तीवरून फिरवावा तसा.

"हा काकूंनी पाडून घेतला. मामंजींना सांगितलं, पडवीत उजेड नाही, बायकांना अक्षर दिसत नाही. पलीकडे माझी खोली. उजेड इकडून तिकडे जात होता, हे त्यांना कुठलं कळायला. मी भिंतीला लागून बसायची. इकडे पोरी म्हणायच्या, र ला काना रा. तिकडे मी जमिनीवर बोटानं काढायची. मग काकू यातून पाटी आडवी सरकवायला लागल्या. संध्याकाळी मी ती परत सरकवायची."

घंगाळाकडे बघून त्या हसल्या.

"सगळ्यांच्या पाट्या एकाच पाण्यात का धुवायच्या, हे तू इतिहासात लिहिलंस ना? देवाचं नाव पायदळी जाऊ नये म्हणून. तेही खरंच. पण एका पाण्यात धुतल्या की एक पाटी जास्त आहे हे कुणाला कळत नाही."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं. मांडवातली ती दुपार डोळ्यांपुढे उभी राहिली. हातात घेतलेली आणि परत ठेवलेली पेन्सिल. मला विचारायचं होतं, की मग ते रामापुढचं बोलणं? त्यांना ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"मी लिहिलेलं रामाला ठाऊक आहे, कुमुद. त्याच्या नावाच्या पाट्याच्या पाट्या भरल्यात मी. उद्यापनाची घाई भाऊला आहे. रामाला नाही."

मग त्यांनी त्या पोरीची पाटी घंगाळात बुडवली, ओल्या हातानं पुसली आणि आपला पाट उचलून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा 'म' नेहमीसारखाच चुकला. मी तो नेहमीसारखाच दुरुस्त करून दिला.

त्यानंतर त्या बरीच वर्षं आल्या. पहिलीच्या मुली मोठ्या होऊन सासरी गेल्या, गावातच दिलेल्यांच्या मुली पहिलीत आल्या, आणि आजींचा 'म' काही आला नाही. अक्का गेल्या तेव्हा माईसाहेबांनी त्या दिवशीची पाटी अक्कांच्या नावानं धुतली. पुढे एका मार्गशीर्षात, जपाची माळ हातात असताना, त्याही गेल्या. रोज संध्याकाळी पाणी घालताना मला त्यांच्या पाटाची रिकामी जागा दिसायची.

त्यांचं दिवसकार्य उरकल्यावर भाऊसाहेब शाळेत आले. मी घंगाळ घेऊन अंगणात निघाले होते. त्यांनी चपला काढल्या, झाडाला नमस्कार केला. केस पार पांढरे झाले होते.

"गुरुजींना विचारून आलो," ते म्हणाले. "जिचं लिहायचं राहिलं होतं, तीच गेली. आता हे व्रत कधीच पुरं व्हायचं नाही. पडवी व्रताची ती व्रताचीच राहणार. माझ्या मुलांनाही मी तसं सांगून ठेवलंय."

मी घंगाळ खाली ठेवलं.

ते पारिजातकाकडे वळले. मग म्हणाले, "लहानपणी मी पाटीवर गृहपाठ करून झोपायचो. सकाळी उठलो की माझ्या चुका दुरुस्त झालेल्या असायच्या. वडिलांना अक्षरशत्रूच म्हणायला हवं, त्यांचं ते काम नव्हतं. मला वाटायचं, रात्री राम येऊन करतो. मी पुष्कळ दिवस तसंच समजत होतो." ते माझ्याकडे वळले. "बाई, आईला लिहिता येत होतं ना?"

मी ओठांवर बोट ठेवलं आणि हात जोडले.

भाऊसाहेबांच्या मिशीत हसू आलं.

"तुमचं मौन गुरुवारी असतं, कुमुदबाई. आज बुधवार आहे."

मी हात जोडलेलेच ठेवले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. वाकून त्यांनीच घंगाळ उचललं, आणि एक थेंबही बाहेर जाणार नाही अशा बेतानं, पाणी पारिजातकाच्या आळ्यात ओतलं.

त्या दिवशी मी दिवेलागणीपर्यंत बोलले नाही.